अनुप्रास अलंकार : ओळख, प्रकार आणि परीक्षण

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• अनुप्रासाचे स्वरूप स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करता येईल.
• अक्षराची पुनरावृत्ती आणि ध्वनीची पुनरावृत्ती यांतील भेद सांगता येईल.
• अनुप्रासाचे प्रमुख प्रकार ओळखता येतील.
• यमक, नादानुकारी शब्द आणि प्रत्ययांची पुनरावृत्ती यांच्यापासून अनुप्रास वेगळा करता येईल.
• काव्यपंक्तीतील अनुप्रासाचे कार्य स्पष्ट करणारे उत्तर लिहिता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शब्दालंकार आणि अर्थालंकार हा भेद आपण जाणता. शब्दाच्या जागी समानार्थी शब्द ठेवला असता जो अलंकार नाहीसा होतो तो शब्दालंकार, आणि शब्द बदलूनही जो टिकतो तो अर्थालंकार. ‘मुख चंद्रासारखे आहे’ याऐवजी ‘वदन शशीसारखे आहे’ असे म्हटले तरी उपमा कायम राहते. अनुप्रासाचे तसे नाही. तो विशिष्ट शब्दांच्या विशिष्ट ध्वनींत राहतो; शब्द हलला की तोही मोडतो.

अलंकारांच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य वारंवार आढळते : ‘या ओळीत अनुप्रास अलंकार असून त्यामुळे नादमाधुर्य निर्माण झाले आहे.’ हे वाक्य कोणत्याही ओळीखाली लिहिता येते, आणि म्हणूनच ते कोणत्याही ओळीविषयी काही सांगत नाही. कोणता ध्वनी पुन्हा आला, तो खरोखर ऐकू येतो का, तो कवीने योजला आहे की व्याकरणाने आपोआप आणला आहे, आणि त्याने त्या ओळीत नेमके काय केले, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय अनुप्रास ओळखला असे म्हणता येत नाही.

या अभ्यासासाठी लागणारे मुख्य साधन आपणांपाशी आधीपासूनच आहे. जात्यावरच्या ओव्या, हरिपाठ, भारुडे, उखाणे, म्हणी हे सारे आपण वाचण्यापूर्वी ऐकलेले असते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ध्वनींची जुळणी करण्यासाठी लिपीची गरज नसते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याचे कारण नाही. अनुप्रास हा कानाचा अलंकार आहे. लिपी ही त्याची केवळ नोंद होय.

(या घटकातील उदाहरणांच्या सर्व ओळी अभ्यासाच्या सोयीसाठी रचलेल्या आहेत.)

३. अनुप्रासाचे स्वरूप

‘अनुप्रास’ या शब्दाची फोड ‘अनु + प्र + आस’ अशी करतात. रसाला अनुकूल अशी वर्णांची प्रकर्षाने केलेली मांडणी, असा तिचा अर्थ साहित्यशास्त्रज्ञांनी लावला आहे. ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाने (११वे शतक) वर्णांच्या साम्यालाच अनुप्रास म्हटले. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने (१४वे शतक) त्यात एक महत्त्वाचा खुलासा केला : स्वर वेगळे असले तरी चालतील, व्यंजनांचे साम्य हवे. म्हणून ‘प, पा, पि, पु’ ही अक्षरे भिन्न असली तरी त्यांतील ‘प्’ हे व्यंजन एकच असल्याने त्यांच्यात अनुप्रास होतो. पुढील ओळ पाहा :

पावसाच्या पहिल्या पाण्यात पडवी पाझरली

पाचही शब्दांच्या आरंभी ‘प्’ आहे. त्याच्यामागे येणारे स्वर ‘आ, अ, आ, अ, आ’ असे बदलतात; तथापि पुनरावृत्तीची जाणीव अखंड राहते.

या व्याख्यांच्याही आधी, सुमारे सातव्या-आठव्या शतकात होऊन गेलेल्या दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात आणखी एक अट सांगितली आहे. पहिल्या वेळी ऐकलेल्या वर्णाचा संस्कार मनात जागा असतानाच तो वर्ण पुन्हा यावा, इतके दोहोंतील अंतर कमी असले पाहिजे. ही अट स्मृतीविषयी आहे. चार ओळींपूर्वी आलेला ‘भ’ आणि आता आलेला ‘भ’ कागदावर बोट ठेवून जुळवता येईल, परंतु कान तो केव्हाच विसरलेला असतो. तेथे अनुप्रास मानू नये.

इंग्रजी साहित्यविचारातील ‘ॲलिटरेशन’ आणि आपला अनुप्रास यांत साम्य असले तरी ते पूर्णपणे एक नाहीत. ‘बेओवुल्फ’सारख्या प्राचीन इंग्रजी काव्यात आघातयुक्त अवयवांच्या आरंभीचा ध्वनी जुळवणे हा पद्यरचनेचा नियमच होता, ओळीचे दोन अर्धभाग त्यानेच बांधले जात. मराठीत शब्दावरील आघात तितका प्रबळ नाही. त्यामुळे आपल्याकडे शब्दाच्या आरंभी, मध्ये वा शेवटी कोठेही झालेली व्यंजनांची पुनरावृत्ती अनुप्रासाच्या कक्षेत येते, आणि ती नियम म्हणून नव्हे, शोभा म्हणून येते.

४. अक्षर आणि उच्चार

ओळख चुकण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अक्षरे मोजण्याची सवय. देवनागरी लिपी उच्चारांच्या बरीच जवळ आहे, पण सर्वत्र नाही. मराठीपुरती पुढील पाच ठिकाणे लक्षात ठेवावीत.

(अ) च, ज, झ यांचे दोन उच्चार : मराठीत या अक्षरांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत, लिपीत मात्र चिन्ह एकच.

चंद्र चढला, चांदणे चिंब

डोळ्यांना येथे चार ‘च’ दिसतात. ओळ मोठ्याने म्हणा. ‘चंद्र’ आणि ‘चिंब’ यांतील ‘च’ तालव्य आहे, तर ‘चढला’ आणि ‘चांदणे’ यांतील दंततालव्य. म्हणजे कानाला चारांची एक रांग ऐकू न येता दोन-दोनांच्या दोन जोड्या ऐकू येतात. बाहेरच्या दोन एका ध्वनीच्या, आतल्या दोन दुसऱ्या ध्वनीच्या. अनुप्रास आहेच, पण त्याची वीण ‘च हा वर्ण चार वेळा आला आहे’ या वर्णनाहून वेगळी आहे.

(आ) क्ष आणि ज्ञ : ही जोडाक्षरे आहेत हे त्यांच्या आकारामुळे विसरले जाते. ‘क्ष’चा आरंभ ‘क्’ने होतो. म्हणून ‘क्षितिजाच्या काठावर कोवळी किरणे’ या ओळीत ‘क्’ची पुनरावृत्ती पहिल्या शब्दापासूनच सुरू होते. ‘ज्ञ’चा मराठी उच्चार ‘द्न्य’ असा आहे. त्यामुळे ‘दीनाच्या दारी ज्ञानाचा दिवा’ या ओळीत ‘द्’ चार वेळा ऐकू येतो, तीन वेळा नव्हे. हिंदी भाषकाला हाच शब्द ‘ग्यान’ असा ऐकू येत असल्याने त्याच्या कानाला येथील साखळी तुटलेली वाटेल.

(इ) ऋ : मराठीत या स्वराचा उच्चार ‘रु’सारखा होतो. म्हणून ‘ऋतू’ हा शब्द ‘र’च्या अनुप्रासात सामील होऊ शकतो.

(ई) श आणि ष : आजच्या बोलण्यात या दोहोंतील भेद बहुधा उरलेला नाही. लेखनात ती दोन अक्षरे असली तरी कानाला त्यांचे साम्य जाणवते.

(उ) अनुस्वार : शीर्षबिंदू एक असला तरी पुढील व्यंजनानुसार त्याचा उच्चार बदलतो. ‘अंगण’मध्ये तो ‘ङ्’, ‘अंधार’मध्ये ‘न्’ आणि ‘अंबर’मध्ये ‘म्’ असतो. सबब ‘अंगणी अंधार, अंबरी आग’ या ओळीत अनुस्वाराचा अनुप्रास झाला आहे, असे म्हणता येणार नाही. येथे जाणवते ती आरंभीच्या ‘अ’ या स्वराची आवृत्ती. आणि केवळ स्वरसाम्याला परंपरेने अनुप्रासात स्थान दिलेले नाही.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते : उच्चार कोणाचा प्रमाण मानावा? मराठीच्या अनेक बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. वऱ्हाडी आणि खानदेशी बोलींत ‘ळ’च्या जागी ‘य’ ऐकू येतो. उत्तर असे की, कविता ज्या भाषारूपात रचली आहे त्या रूपाचा उच्चार प्रमाण मानावा. बोलीतील कविता प्रमाणभाषेच्या उच्चाराने वाचली, तर ‘पानी’ आणि ‘रानी’ यांतील ‘न’चे साम्य ‘पाणी’ आणि ‘रानी’ अशा दुरुस्तीत हरवून जाते. आपली घरची बोली ही काव्यवाचनातील उणीव आहे असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. बोलीतील कवितेच्या बाबतीत तीच आपली खरी गुरुकिल्ली ठरते.

५. अनुप्रासाचे प्रकार

मम्मटाने वर्णांचा अनुप्रास छेक आणि वृत्ती असा दोन प्रकारचा मानला असून शब्दांच्या आवृत्तीचा लाटानुप्रास स्वतंत्रपणे सांगितला आहे. विश्वनाथाने त्यांत श्रुत्यनुप्रास आणि अंत्यानुप्रास यांची भर घातली.

(१) छेकानुप्रास : अनेक व्यंजनांच्या गटाची त्याच क्रमाने एकदाच आवृत्ती होते. ‘नदीच्या नादात’ या शब्दांत ‘न्–द्’ हा गट त्याच क्रमाने दुसऱ्यांदा आला आहे. ‘छेक’ म्हणजे चतुर, विदग्ध.

(२) वृत्त्यनुप्रास : एका किंवा अनेक व्यंजनांची अनेक वेळा आवृत्ती होते. वर उद्धृत केलेली ‘पावसाच्या पहिल्या पाण्यात…’ ही ओळ त्याचे उदाहरण होय. रसाला अनुकूल वर्णयोजनेला ‘वृत्ती’ म्हणतात. मम्मटाच्या मते माधुर्य गुणाला पोषक वर्णांची ती उपनागरिका, ओज गुणाला पोषक वर्णांची परुषा, आणि उरलेल्या वर्णांची कोमला. ‘ट’वर्गातील कठोर वर्ण माधुर्याला वर्ज्य मानले आहेत. ‘मावळतीच्या मेघांनी माळ मऊ केला’ आणि ‘कडाडून कोसळे कडा, खडक खडखडे’ या दोन ओळी एकामागून एक म्हणून पाहाव्यात, म्हणजे या वर्गीकरणामागील अनुभव ध्यानात येईल.

(३) श्रुत्यनुप्रास : येथे तोच वर्ण पुन्हा येत नाही, एकाच उच्चारस्थानाचे वर्ण जवळजवळ येतात. ‘तिथे दूर धुरात दोन दिवे थिजले’ या ओळीत त, थ, द, ध, न असा जवळपास सगळा दंत्य वर्ग आला आहे. डोळ्यांनी शोधणाऱ्याला हा अनुप्रास सहसा सापडत नाही. ओळ म्हणताना जीभ पुन्हा पुन्हा दातांमागे टेकते, हीच त्याची खूण.

(४) अंत्यानुप्रास : चरणाच्या किंवा पदाच्या शेवटी स्वरासह व्यंजनाची आवृत्ती होते. ज्ञानेश्वरीतील ओवीचे पहिले तीन चरण अशा अंत्य जुळणीने बांधलेले असून चौथा आखूड चरण मोकळा असतो. मोठ्या अभंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांच्या शेवटी ही जुळणी आढळते.

(५) लाटानुप्रास : तोच शब्द त्याच अर्थाने पुन्हा येतो, पण त्याचे तात्पर्य बदलते. ‘पेरणीला आला, तरच पाऊस हा पाऊस.’ दोन्ही ठिकाणी ‘पाऊस’ याचा अर्थ एकच. परंतु दुसऱ्याचे तात्पर्य ‘पाऊस या नावाला पात्र’ असे आहे.

६. अनुप्रासासारखे भासणारे इतर प्रकार

यमक : संस्कृत साहित्यशास्त्रानुसार यमकात स्वरांसह संपूर्ण वर्णसमूह त्याच क्रमाने पुन्हा येतो आणि दोन्ही ठिकाणी अर्थ असल्यास तो भिन्न असतो. ‘देव पावले, थांबली पावले’ येथे पहिले ‘पावले’ क्रियापद आहे, दुसरे नाम. मराठी पंडित कवींना या अलंकाराची हौस मोठी होती. वामनपंडितांना तर ‘यमक्या वामन’ असेच नाव पडले. व्यवहारात मात्र आपण चरणान्ती जुळणाऱ्या कोणत्याही ध्वनीला ‘यमक’ म्हणतो. परीक्षेत उत्तर लिहिताना आपण कोणत्या अर्थाने ही संज्ञा वापरत आहोत, ते स्पष्ट करावे.

प्रत्ययांची पुनरावृत्ती : ‘तो आला, बसला, जेवला आणि झोपला’ या वाक्यात ‘ला’ चार वेळा आला आहे. तो कवीने निवडलेला नाही. भूतकाळाने आणला आहे. मराठीत ‘-ला, -ली, -ले, -त, -च्या, -नी’ यांची आवर्तने टाळताच येत नाहीत. म्हणून त्यांना आधी बाजूला ठेवावे.

नादानुकारी शब्द : ‘खळखळ’, ‘सळसळ’, ‘कडकड’ यांतील द्विरुक्ती शब्दातच घडलेली आहे. ती भाषेची देणगी आहे. कवीचे कर्तृत्व त्या शब्दाभोवती तो काय जमवतो यावरून ठरते.

७. परीक्षणाची रीत

पुढील ओळ घेऊन परीक्षणाच्या पायऱ्या पाहू :

सळसळत्या साळीत साप सरकला

पायरी पहिली, ओळ मोठ्याने दोनदा वाचावी. पायरी दुसरी, प्रत्यय बाजूला ठेवावेत. ‘-त्या’, ‘-त’, ‘-ला’ हे गेले की ‘सळसळ, साळ, साप, सरक’ उरतात. पायरी तिसरी, उच्चारानुसार व्यंजने मांडावीत : स्–ळ्–स्–ळ्, स्–ळ्, स्–प्, स्–र्–क्. पायरी चौथी, अंतर पाहावे. येथे एकही शब्द ‘स्’वाचून सुटलेला नाही. ‘सळसळ’मधील ‘स्–ळ्’ हा गट ‘साळ’मध्ये पुन्हा येतो, म्हणजे नादानुकारी शब्दातला नाद कवीने पुढच्या नामात नेला आहे. एका व्यंजनाची अनेक वेळा आवृत्ती झाल्याने हा वृत्त्यनुप्रास होय.

पायरी पाचवी सर्वांत महत्त्वाची : शब्द बदलून पाहावेत. ‘हलणाऱ्या भातात नाग पुढे गेला.’ वार्ता जवळपास तीच राहिली. काय गेले? ‘स्’ हा घर्षक ध्वनी आहे. तो उच्चारताना हवा अडून सुटत नाही, घासत वाहत राहते. मूळ ओळीत भाताचा आवाज आणि सापाची हालचाल एकाच ध्वनीने सांगितली जात असल्यामुळे साप कोणता आणि साळ कोणती हे क्षणभर वेगळे करता येत नाही. धोका दिसत नाही, नुसता ऐकू येतो. बदललेल्या ओळीत साप आहे, भीती नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘स्’ या ध्वनीत स्वतःमध्ये भीती किंवा सरपटणे नाही. ‘सासूबाईंनी सांडलेली साखर सावकाश सावरली’ या वाक्यात ‘स्’ सहा वेळा आला आहे, पण कोठेही साप दिसत नाही. ध्वनी आणि अर्थ यांचे नाते सामान्यतः यादृच्छिक असते, हे भाषाविज्ञानाचे मूलभूत तत्त्व आपणांस ठाऊक आहे. अर्थ शब्दांनी दिलेला असतो. अनुप्रास त्या अर्थातील एखादा पैलू ध्वनीच्या साह्याने गडद करतो. म्हणून ‘म म्हणजे कोमलता, ट म्हणजे कठोरता’ अशी सूत्रे पाठ करून उत्तरात वापरू नयेत. ध्वनीने कोणते दोन शब्द जवळ आणले आणि त्या जवळिकीने अर्थात काय भर पडली, हे पाहावे. अशी भर दाखवता आली नाही, तर अनुप्रास आहे पण तो केवळ शोभेचा आहे, असे निःसंकोच लिहावे. तेही परीक्षणच होय.

८. उत्तरलेखनाचा नमुना

अपुरे उत्तर : ‘या ओळीत स हा वर्ण पुन्हा पुन्हा आल्याने अनुप्रास अलंकार झाला असून नादमाधुर्य निर्माण झाले आहे.’

अपेक्षित उत्तर : ‘या ओळीतील चारही शब्दांचा आरंभ स् या घर्षक व्यंजनाने होतो, हा वृत्त्यनुप्रास आहे. सळसळ या नादानुकारी शब्दातील स्–ळ् हा गट साळ या शब्दातही आल्याने पिकाचा आवाज पिकाच्या नावातच मिसळतो. तोच स् साप आणि सरकला या शब्दांत पुढे चालू राहतो, त्यामुळे सापाची चाहूल पिकाच्या आवाजात दडलेली वाटते. येथे अनुप्रास माधुर्यापेक्षा भयाची सूचना करतो.’

दुसरे उत्तर लांबीने मोठे आहे म्हणून चांगले नाही. त्यातील एकही वाक्य दुसऱ्या ओळीखाली जसेच्या तसे लिहिता येणार नाही, हे त्याचे बळ आहे.

९. सारांश

व्यंजनांच्या साम्यातून अनुप्रास घडतो. स्वर भिन्न असले तरी चालतात. पुनरावृत्ती स्मृतीच्या टप्प्यात असावी लागते. मराठीत च-ज-झ यांचे द्विविध उच्चार, क्ष व ज्ञ ही जोडाक्षरे, ऋ, श-ष आणि अनुस्वार यांबाबत लेखनापेक्षा उच्चारावर भिस्त ठेवावी. बोलीतील कवितेत त्या बोलीचा उच्चार प्रमाण होय. प्रत्यय, यमक आणि नादानुकारी शब्द यांच्यापासून अनुप्रास वेगळा करून, शब्द बदलण्याच्या कसोटीने त्याचे कार्य ठरवावे.

१०. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

पुढील ओळी मोठ्याने वाचून त्यांत अनुप्रास आहे की नाही ते सकारण सांगा. उत्तरसूची पाहण्यापूर्वी आपले उत्तर लिहून काढा.

१) गावाच्या गोठ्यात गायी गप्प
२) ऋतूंच्या रथाला रानाची राखण
३) ती उठली, निघाली, थांबली, परतली
४) जुन्या जाळ्यात जीव जडला
५) वेळूच्या वनात वाऱ्याची वेळ

उत्तरसूची

१) आहे. ‘ग्’ची चार शब्दारंभी आवृत्ती, वृत्त्यनुप्रास. पहिल्या तीन शब्दांतील दीर्घ स्वरांनंतर ‘गप्प’मधील ऱ्हस्व स्वर आणि द्वित्व यांनी आवाज एकदम थांबतो, हेही नोंदवावे.

२) आहे. ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ होत असल्याने ‘र्’ची आवृत्ती पहिल्या शब्दापासून चारही शब्दांत ऐकू येते, वृत्त्यनुप्रास.

३) अलंकार म्हणून नाही. ‘-ली’ हा स्त्रीलिंगी भूतकाळाचा प्रत्यय आहे. तो काढल्यावर उरणाऱ्या ‘उठ, निघ, थांब, परत’ यांत व्यंजनसाम्याची योजना दिसत नाही.

४) आहे, परंतु ‘जुन्या’, ‘जाळ्यात’, ‘जडला’ यांतील ‘ज’ दंततालव्य आणि ‘जीव’मधील तालव्य आहे. तीन सारख्या ध्वनींत एक वेगळा ध्वनी पडल्याने ‘जीव’ हा शब्द कानाला उठून येतो. जाळ्यात अडकूनही तो जाळ्याचा झालेला नाही, असे स्पष्टीकरण देता येईल.

५) आहे. ‘व्’चा वृत्त्यनुप्रास, शिवाय ‘वेळू’ आणि ‘वेळ’ यांत ‘व्–ळ्’ या गटाची एकदा आवृत्ती झाल्याने छेकानुप्रासही. एका ओळीत दोन प्रकार नांदू शकतात.

११. सरावासाठी स्वाध्याय

आपल्या घरातील वा गावातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक ओवी किंवा उखाणा ऐका. ऐकता ऐकता लिहू नका. दुसऱ्यांदा ऐकल्यावर जे ध्वनी कानात राहिले तेवढेच टिपा; मग पूर्ण ओळ लिहून प्रकरण ७ मधील पाच पायऱ्यांनी तिचे परीक्षण करा. उच्चार म्हणणाऱ्याचाच ठेवा, तो प्रमाणभाषेत बदलू नका. सुमारे १५० शब्दांत आपले निरीक्षण लिहा.